पुस्तक मिटल्यावरचा अभ्यास

पहाटे ५

जानेवारीत जुन्नरला पहाटे घराबाहेर पाऊल टाकवत नाही. पण मी चहाचं आधण ठेवते तेव्हा माझ्या दहावीच्या वर्गातली बरीच मुलं गोठ्यात पोचलेली असतात. शेण काढायचं, वैरण टाकायची, धारा काढायच्या आणि डेअरीची गाडी निघायच्या आत दूध घालून यायचं. मी राहते जुन्नरला आणि आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या बाजूच्या एका माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. दोन्ही तालुक्यांतल्या मुलांचा दिवस मला पाठ आहे. सकाळ-संध्याकाळ गोठा, सुट्टीला कांद्याची लागण नाहीतर द्राक्षबागेतली कामं, डोंगराकडच्या मुलांना एसटीची वाट बघणं, आणि रात्रीची लाईट असलेल्या आठवड्यात वडलांबरोबर मोटर चालू करायला शेतावर जाणं. सलग चार तास अभ्यासाला बसता येईल असं मूल माझ्या वर्गात क्वचित सापडेल.

त्यावाचून त्यांचं काही अडत नाही, असं माझं ठाम मत आहे. वीस-वीस मिनिटांचे तुकडे दिवसातून पाच-सहा वेळा मिळत असतील आणि प्रत्येक तुकड्यात मूल पुस्तक मिटून आठवत असेल, तर उघड्या पुस्तकासमोर चार तास बसणाऱ्यापेक्षा त्याच्या जास्त लक्षात राहतं. वर्गाचं वेळापत्रक मी या तुकड्यांवरच बेतलं आहे.

गोठ्यातला तुकडा सगळ्यात चांगला. हात कामात असतात, डोकं मोकळं असतं आणि पुस्तक जवळ नसतं. कालच्या दिवसातल्या फक्त तीन गोष्टी आठवायच्या, एवढंच काम. एक मुलगी धार काढताना मनाशी उजळणी करते. अडली की तो मुद्दा एका शब्दात भिंतीवर कोळशाने लिहून ठेवते आणि दूध घालून आल्यावर पुस्तकात तेवढंच बघते. त्या भिंतीवर मी एकाखाली एक शब्द पाहिले आहेत: उत्प्रेरक, दवबिंदू, समसूत्री. जे येत होतं ते तिने पुन्हा वाचलंच नाही, त्यामुळे तिचा वेळ वाचला.

सकाळी ६.३०

दूध घालून आल्यावर पंधरा मिनिटं खोक्याची. लग्नसराईत प्रत्येक घरात पत्रिकांचा ढीग साठतो. पत्रिकेची मागची बाजू बहुधा कोरी असते, कागद जाड असतो. एका पत्रिकेची चार कार्डं होतात. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. बुटाच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याचे दोन आडवे पडदे लावले की तीन कप्पे तयार. पहिल्या कप्प्यातली कार्डं रोज बघायची, दुसऱ्यातली दर तिसऱ्या दिवशी, तिसऱ्यातली आठवड्याने. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात जातं, चुकलं की कुठूनही थेट पहिल्यात.

ही युक्ती सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७२ मध्ये आपल्या पुस्तकात मांडली. तिच्या मुळाशी असलेली गोष्ट त्याहून जुनी आहे. हर्मान एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ केले, किती वेळाने किती विसरायला होतं ते मोजलं आणि १८८५ मध्ये छापलं. पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात फार विसरतं, पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. एकाच बैठकीत दहा वेळा वाचण्यापेक्षा तीच उजळणी दिवसांच्या अंतराने वाटून घेतली तर टिकते, हे त्यानेच दाखवून दिलं.

कार्ड बनवताना मुलं एक चूक हमखास करतात. अख्खी व्याख्या, चार उदाहरणं, वर आकृती, सगळं एका कार्डावर कोंबतात. मग निम्मं आठवलं तर बरोबर धरायचं की चूक, ते ठरत नाही. एका कार्डावर एकच प्रश्न हवा: ‘विशिष्ट अप्रकट उष्म्याचं एसआय एकक काय?’ ‘भिंगाची शक्ती कशात मोजतात?’ आणि कार्ड उलटण्याआधी उत्तर तोंडाने मोठ्याने म्हणायचं. मनातल्या मनात ‘येतंय की मला’ म्हणून कार्ड उलटलं की आपलीच फसगत होते. उत्तर समोर दिसलं की ते आपल्याला येतच होतं असं प्रत्येकाला वाटतं.

सकाळी ९.३०

स्कूटरवरून घोडेगावकडे निघते. दोन्ही बाजूंना ऊस, काही फड तोडून मोकळे झालेले. विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन्ही कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात. ऊस तुटला की बिबट्याचा आडोसा जातो आणि तो वस्त्यांजवळ दिसायला लागतो. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात आणि चारही तालुक्यांत लोकांनी माणसं गमावली आहेत. त्यामुळे मुलांनी एकट्याने चालायचं नाही, जोडीने किंवा टोळीने, बोलत-आवाज करत जायचं, हा नियम घराघरात आहे.

बोलायचंच आहे तर प्रश्न विचारत चला, असं मी मुलांना सांगितलं. एकाने विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं, विजेचा खांब आला की पाळी बदलायची. शिनोली-डिंभ्याकडून येणारी मुलं एसटीत हेच करतात. रस्त्यावर पुस्तक उघडता येत नाही आणि म्हणूनच हा वेळ कामाचा ठरतो.

सकाळी ११

प्रार्थना, हजेरी, आणि पहिल्या तासाची पहिली सात मिनिटं कोऱ्या कागदाची. काल काय शिकलो ते पुस्तक, वही, शेजारी यांपैकी कशाकडेही न बघता लिहायचं. नाव घालायचं नाही, गुण नाहीत. सात मिनिटं झाली की पुस्तक उघडायचं आणि राहिलेलं लाल पेनने भरायचं. कागद माझ्याकडे येतात.

सुरुवातीला मुलांना हे अजिबात आवडत नाही. कोरा कागद समोर आला की पोटात गोळा येतो, दोन ओळी लिहून होतात आणि पुढचं काही सुचत नाही. “मॅडम, काल तर सगळं येत होतं,” असं दरवर्षी कोणीतरी म्हणतंच. काल येत होतं, कारण काल पुस्तक समोर होतं. वाचलेलं ओळखीचं वाटणं आणि ते स्वतःहून आठवणं यांत केवढं अंतर आहे, ते या सात मिनिटांत कळतं. बोर्डाच्या पेपरला ओळखीचं वाटून भागत नाही.

पालकसभेत कोणी शंका काढली तर मी एका प्रयोगाचे आकडे सांगते. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये तो छापला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. पेपरच्या दिवशी सकाळी गेटवर उभं राहून गाईड वाचणाऱ्या मुलाला आपलं सगळं तयार आहे असं का वाटतं, ते या पाच मिनिटांच्या आकड्यात आहे. बोर्डाची परीक्षा मात्र वर्षभराच्या अभ्यासावर असते.

पुस्तकातल्या ओळी पिवळ्या मार्करने रंगवणं हा सगळ्यांचा लाडका अभ्यास. मानसशास्त्रज्ञ डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती पारखल्या. ओळी रंगवणं आणि नुसतं पुन्हा वाचणं त्यांनी कमी उपयोगाच्या पद्धतींत टाकलं. सगळ्यात वर ठेवल्या दोनच: स्वतःची परीक्षा घेत राहणं आणि उजळणी दिवसांवर वाटून घेणं. दोन्हींना पैसा लागत नाही. क्लासची फी भरता न आल्याने खंतावलेल्या आईला मी हे मुद्दाम सांगते.

दुपारी १२.१५

विज्ञानाचा तास. आज ‘का’ विचारायचा दिवस. आमच्या मुलांच्या नशिबाने या भागात दोन मोठ्या दुर्बिणी आहेत आणि त्या अगदी दोन तऱ्हेच्या आहेत. जुन्नर तालुक्यात खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली जीएमआरटी, म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. आंबेगाव तालुक्यात गिरवलीच्या डोंगरावर आयुका या खगोलशास्त्र संस्थेची २ मीटर आरशाची दुर्बीण, २००६ पासून. मुलांनी दोन्हींची नावं ऐकलेली असतात. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, २८ फेब्रुवारीच्या प्रदर्शनाला खोडदला बरीच मुलं जाऊनही आलेली असतात. मी फळ्यावर तीनच प्रश्न लिहिते. एक सखल भागात आणि एक डोंगरावर, असं का? एक ४५ मीटरची आणि दुसरी २ मीटरची, असं का? खोडदच्या तबकडीला पत्र्याऐवजी तारांची जाळी, ती का?

दहा मिनिटं गटात भांडण होऊ द्यायचं. उत्तरं हळूहळू बाहेर येतात. खोडदची दुर्बीण रेडिओ लहरी टिपते. शहरातल्या यंत्रांचा रेडिओ गोंगाट तिला नको असतो आणि भोवतालचे डोंगर तो अडवतात. गिरवलीची दुर्बीण आपल्या डोळ्यांना दिसतो तो प्रकाश टिपते. तिला अंधार आणि धूळ-धुकं कमी असलेली वरची हवा हवी. रेडिओ लहरींची लांबी प्रकाशाच्या कितीतरी लाख पट असते, म्हणून बारकावे दिसायला तबकडी प्रचंड लागते. आणि लहर लांब असल्यामुळेच बारीक जाळीची भोकं तिला जाणवत नाहीत. जाळी वजनाला हलकी, वारा तिच्यातून निघून जातो, खर्चही कमी. शेवटचं उत्तर आज मागच्या बाकावरच्या मुलाकडून आलं. त्याच्या घरच्या टोमॅटोला शेडनेट आहे आणि वाऱ्यात पत्रा उडतो, जाळी टिकते, हे त्याने स्वतः पाहिलेलं आहे.

तरंगलांबीची व्याख्या त्यांनी याआधी पाठ केली होतीच. आता ती तीन ‘का’ना बांधली गेली. यातलं एक विसरलं तरी उरलेल्या दोनांवरून ओढून काढता येतं. पाठांतराला माझा विरोध नाही. पाढे, सूत्रं, संयुजा पाठच हव्यात. पण ज्याला ‘का’ जोडता येतो त्याची नुसती घोकंपट्टी करणं म्हणजे मुलाची मेहनत वाया घालवणं आहे.

एक मुलगा तासाला डुलक्या घेत होता. या आठवड्यात त्यांच्याकडे शेतीपंपाला रात्रीची थ्री फेज वीज आहे आणि तो दीड वाजेपर्यंत कांद्याला पाणी देत होता. त्याला मी उठवलं नाही. शिकलेलं डोक्यात पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं, हे आता विज्ञानाने चांगलं दाखवून दिलेलं आहे. रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात त्याला मी फक्त कार्डं करायला सांगते, बाकी अभ्यास माफ. झोप कापून केलेला अभ्यास त्याला महाग पडेल. शेतीला दिवसा वीज द्या, ही मागणी इथले शेतकरी बिबट्याच्या भीतीने करतात. माझ्या दृष्टीने ती शाळेचीही मागणी आहे.

दुपारी १.३०

डबे. डबा खाऊन झाला की दहा मिनिटं जोड्या बसतात: ज्याला समजलं त्याने न समजलेल्याला शिकवायचं. शेजारच्या खेड तालुक्यात, जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेत, दत्तात्रय वारे गुरुजींनी ‘विषयमित्र’ ही पद्धत रुजवली आणि मुलंच मुलांना शिकवू लागली. या शाळेला २०२५ मध्ये जागतिक शाळा पुरस्कारांत लोकपसंतीचा मान मिळाला. मी या जोड्यांत एक बदल केला आहे. आठवड्यातून एकदा उलटं करायचं: कच्च्याने पक्क्याला शिकवायचं. त्यासाठी कच्चा मुलगा आदल्या रात्री जी तयारी करतो, ती माझ्या कोणत्याही दटावणीने झाली नसती.

दुपारी ३

गणित. मी एक कागद वाटते. त्यावर सहा गणितं, वर धड्याचं नाव नाही. पहिलं: दुधाच्या बादलीच्या वरच्या आणि खालच्या तोंडाच्या त्रिज्या आणि उंची दिली आहे, किती लिटर मावेल? दुसरं वर्तुळाच्या स्पर्शिकेचं. तिसरं हप्त्यांचं, म्हणजे अंकगणिती श्रेढी. चौथं शंकूचं, पाचवं संभाव्यतेचं, सहावं पुन्हा घनफळाचं, पण वृत्तचितीचं.

“मॅडम, हे कोणत्या धड्यातलं?”

“तेच तर ओळखायचंय.”

आमच्या वह्यांत गणितं धड्यावार असतात. महत्त्वमापन सुरू झालं की सलग पंधरा गणितं महत्त्वमापनाची, त्यातही पाच शंकूची, मग पाच शंकूछेदाची. चौथ्या गणितापासून मूल विचार करायचं थांबतं. वरचं सूत्र खाली उतरवायचं आणि आकडे भरायचे. उत्तरं बरोबर येतात, वही नेटकी दिसते, पालक खूश, आम्हीही खूश. बोर्डाच्या पेपरात मात्र बादली ही बादली म्हणून येते. ती शंकूछेद आहे हे मुलाने ओळखायचं असतं.

रोहरर आणि टेलर या संशोधकांनी २००७ मध्ये नेमकं घनफळावरच हे तपासलं. चार निरनिराळ्या घनाकृती घेतल्या. एका गटाने एकेका आकृतीची गणितं ओळीने सोडवली, दुसऱ्याने मिसळून. सराव चालू असताना ओळीने सोडवणाऱ्यांची ८९ टक्के बरोबर येत होती, मिसळणाऱ्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तर पहिल्यांची २० टक्के, दुसऱ्यांची ६३. सरावाच्या वेळी जो गट मागे दिसत होता, तोच परीक्षेत तिपटीने पुढे.

म्हणून या कागदावर मी पहिली दहा मिनिटं एकही गणित सोडवू देत नाही. प्रत्येक गणितासमोर फक्त लिहायचं: कशाचं आहे आणि कशावरून ओळखलं. बादलीसमोर आज काहींनी ‘वृत्तचिती’ लिहिलं. मी शाळेतली पाण्याची बादली आणून टेबलावर ठेवली आणि एका मुलीला पट्टी दिली. तिने वरचं तोंड मोजलं, बादली पालथी घालून तळ मोजला आणि जागेवर परत न जाता तिथूनच सांगितलं, “मॅडम, दोन त्रिज्या आहेत, वृत्तचिती नाही होणार.” मग बाकीच्यांनी आपापली खाडाखोड केली.

गणितं सोडवायला अर्धा तास उरला. सहापैकी चार झाली तरी मला चालतं.

संध्याकाळी ५.३०

शाळा सुटते. अंधाराच्या आत घरी पोचायचं, म्हणून जादा तास मी घेत नाही. संध्याकाळचा गोठा, पाणी भरणं, लहान भावंडं. या वेळात अभ्यास सांगत नाही. मुलांनी थोडं खेळावंही.

संध्याकाळी ७

ज्या घरात एकच मोबाइल आहे तिथे तो याच वेळी मुलाच्या हातात येतो, आणि खरी लढाई इथे आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने १५ ऑगस्ट २०२२ पासून यावर गावकीचा तोडगा काढला. रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला आणि मोठी माणसं आपापल्या कामाला. मला हे फार पटलं, कारण त्यात मोठ्यांनीही फोन खाली ठेवला. आमच्याकडे भोंगा नाही. मी पालकांना एवढंच सांगते की सात ते साडेआठ घरातले सगळे फोन आजीच्या खोलीत ठेवा. आजी कोणाला देत नाही.

या दीड तासाचे तीन तुकडे. पंचवीस मिनिटं लिहायचं, पाच मिनिटं उठायचं, पुन्हा तेच, पण दुसऱ्या विषयाचं. विज्ञानानंतर इतिहास, इतिहासानंतर गणित. आठवड्यातून एकदा जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायची, ४० गुणांना दोन तास, मध्ये उठायचं नाही. त्या दिवशी घरच्यांनी हाक मारायची नाही, असं मी चिठ्ठीवर लिहून पाठवते.

रात्री ८.४५

एका वडलांचा फोन.

“मॅडम, पोरगं पुस्तक मिटून भिंतीकडं बघत बसतंय. अभ्यास करतंय का येळ घालवतंय?”

“आठवत असेल, दादा. तसंच सांगितलंय मी.”

“मला कसं कळायचं?”

“त्याला म्हणा, आज काय शिकलास ते मला समजावून सांग.”

“मला काय कळतंय त्यातलं? मी सातवीतनं सोडली शाळा.”

“कळायची गरज नाही. तो सलग बोलतोय का अडतोय, एवढं तुम्हाला कळेल ना? जिथं अडेल तिथं पुस्तक उघडायला लावा, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावा.”

“बरं. रोज?”

“रोज. दहा मिनिटं.”

असे फोन आले की मला बरं वाटतं. शिकलेल्या घरातल्या मुलाला विचारणारं कोणीतरी असतंच. न शिकलेले आई-वडील आपल्याला काही येत नाही म्हणून मुलाच्या अभ्यासापासून लांब राहतात. त्यांना ऐकता येतं, आणि मुलाला त्याचाच उपयोग आहे.

रात्री १०

सकाळचे कोरे कागद समोर घेतले. विषय होता प्रकाशाचं अपवर्तन. कोणाला किती आलं ते मी बघत नाही, सगळ्यांचं मिळून काय निसटलं ते बघते. किरण घन माध्यमात शिरला की स्तंभिकेकडे वळतो, हे बहुतेकांनी लिहिलं आहे. आकृत्याही बऱ्या आहेत. पण अपवर्तनांकाचं सूत्र अर्ध्याअधिक कागदांवर उलटं पडलंय: पहिल्या माध्यमातला वेग भागिले दुसऱ्यातला, याऐवजी दुसऱ्यातला भागिले पहिल्यातला. इतक्या जणांचं एकाच जागी चुकलं, तेव्हा शिकवताना माझ्याकडून तिथे पुरेसं थांबणं झालेलं नाही. उद्या सूत्र पुन्हा फळ्यावर लिहून देणार नाही. हवेतला आणि काचेतला वेग देईन आणि विचारीन: काचेचा अपवर्तनांक एकापेक्षा मोठा यायला हवा, मग वर कोणता आकडा ठेवाल? वेगाचा मोठा आकडा वर गेल्याशिवाय उत्तर जमत नाही, हे त्यांनी स्वतः करून बघावं.

मग वहीत तारखा टाकल्या. हाच प्रश्न उद्या, त्यानंतर तीन दिवसांनी मिश्र कागदात चौथ्या जागी, आणि पुन्हा पुढच्या आठवड्यात हिऱ्याचा अपवर्तनांक देऊन. पाणी देणाऱ्या मुलासाठी याची दोन कार्डं वेगळी काढून ठेवली. त्याची रात्रीची पाळी शनिवारी संपते.